न विझणारा दिवा आणि निंबाची रजा

निंबा बोरसे जन्माला आला तोच दमलेला, असं त्याची बायको शकुंतला म्हणायची. बायको नवऱ्याबद्दल जे बोलते त्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण हे निम्मं मी कधी सोडलं नाही. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या सोसायटीत निंबा माझ्या खालच्या खोलीत राहायचा आणि त्याचे सुस्कारे जिन्यानं वर यायचे. चपला काढल्या की एक, तांब्या खाली ठेवला की एक, आणि जेवायला मांडी घातली की असा लांबलचक, की मी वर ताटावर बसल्या बसल्या म्हणायचो, आला निंबा, आता बाकीच्या सुरतेला दमायची गरज नाही.

माणूस अंगानं दांडगा. मिशा भरघोस, डोळे मात्र कायम अर्धे मिटलेले. अर्ध्या डोळ्यांनी गाडी चालवायचा आणि पूर्ण डोळेवाल्यांपेक्षा बरी चालवायचा.

पांडेसऱ्याला जशुभाई शेठची कापड रंगवायची मिल होती, तिथं तो शेठच्या मोटारीवर. मूळचा दोंडाईच्याकडचा. आमचे खानदेशातले लोक सुरतेला आले ते बहुतेक मागावर नाहीतर रंगाच्या हौदावर राबायला. निंबा आला ट्रकवर, आणि ट्रकवरून शेठच्या मोटारीत कसा जाऊन बसला याच्या सोसायटीत दोन-तीन कथा होत्या. मला आवडणारी ती अशी. चौऱ्याण्णवला, प्लेगाच्या साली सगळी सुरत मिळेल त्या गाडीनं पळत होती. शेठनं मिलच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर एक माणूस मालाचा टेम्पो शांतपणे पुसत उभा. शेठला वाटलं, काय ही निष्ठा. खरं म्हणजे शकुंतला पोरांना घेऊन आदल्या दिवशीच गावी गेली होती, घरात कधी नव्हे ती शांतता होती, आणि निंबाला पळायचा कंटाळा आला होता. पण निष्ठा आणि कंटाळा लांबून सारखेच दिसतात. शेठनं त्याला आपल्या गाडीवर घेतलं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी ती जर्मन गाडी आली. शेठचा धाकटा भाऊ हिऱ्यांच्या धंद्यात अँटवर्पला होता, त्यानं पाठवलेली. काळीभोर, आणि दार लावलं तर आवाज असा की कुणी तरी गादीवर उशी टाकली. पांडेसऱ्यातले रंगारी, हमाल, चहावाले सगळे बघून गेले. गाडीत एक नवल होतं. चाकातली हवा कमी झाली की चालवणाऱ्यासमोर लाल दिवा लागायचा. प्रत्येक चाकाच्या आत बोटाएवढं एक यंत्र बसवलेलं असतं, ते हवा मोजतं आणि पुढं कळवतं, एवढं भावानं फोनवर सांगितलं होतं. शेठनं ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, फक्त निंबाला सांगायचं राहिलं. शेठ लोकांचं असंच असतं. ज्याला सांगायला हवं तो नेमका त्यांच्याकडे पाठ करून बसलेला असतो.

गाडी आल्यावर महिना-दीड महिन्यात निंबा शेठच्या पाहुण्यांना भरूचला सोडून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. कामरेजच्या अलीकडे दिवा लागला. निंबानं उतरून पाहिलं, मागचं डावं चाक बसलेलं, चांगला बोटभर खिळा. दिव्यानं खरं तेच सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढं त्याची फार बदनामी झाली.

कामरेजच्या नाक्यावर भटूचं पंक्चरचं दुकान होतं. भटू निंबाच्या शेजारच्या गावचा. हमरस्त्यावर दहा दुकानं असली तरी आपल्याकडचा माणूस आपल्याकडच्याकडेच जातो, आणि मग जे होतं ते दोघं मिळून झाकतात. भटूनं लोखंडी पट्ट्या घालून टायर उघडला आणि आत हात घालून बसून राहिला. आत ट्यूबच नव्हती.

ट्यूब नसलेला टायर सुरतेत तेव्हा कुणी पाहिलेला? भटूनं पुन्हा चाचपलं, निंबाला चाचपायला लावलं. मग दोघंही खाटेवर बसले. भटूचं म्हणणं पडलं की गोऱ्यांनी टायर विकताना ट्यूब काढून ठेवून घेतली, आणि शेठ एवढा शिकलेला, त्याला कळलं नाही. बरं, ट्यूब नाही ते नाही, वर व्हॉल्व्हच्या मुळाशी एक काळं गाठोडं चिकटलेलं. भटू म्हणाला, हे झाडावर बांडगूळ असतं तसं दिसतंय, ट्यूबला घासेल आणि फाडेल. त्यानं पट्टी घातली आणि उपटलं. त्याचे दोन तुकडे झाले, ते भंगाराच्या डब्यात गेले. मग जिपेची एक ट्यूब आत घातली, हवा भरली, आणि आपण जर्मन लोकांची चूक सुधारली या समाधानात दोघांनी चहा घेतला.

दिवा काही विझला नाही.

पहिल्या दिवशी निंबाला वाटलं, विझेल. दुसऱ्या दिवशी शेठनं मागून विचारलं, अरे हवा बघितली का. निंबानं काटा लावून चारही चाकं दाखवली, हवा बरोबर. शेठ म्हणाला, मग आतलं यंत्र बिघडलं असेल, आणि चाकातल्या यंत्राची सगळी कथा त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा निंबाला सांगितली. निंबाला भटूचा भंगाराचा डबा आठवला. बोटाएवढं, काळं, व्हॉल्व्हच्या मुळाशी.

तेव्हाच बोलला असता तर ही गोष्ट इथं संपली असती आणि मलाही वेळेवर जेवायला जाता आलं असतं. पण निंबानं हिशेब केला की परदेशी गाडीतली वस्तू आपण तोडली, ती सुरतेत मिळत नाही, तेव्हा शेठ आपल्याला काढणार. बोलू या, बोलू या म्हणताना आठवडा गेला, आणि खोटं आठवडाभर मुरलं की ते लोणच्यासारखं बरणीतच बरं.

आता सुरतेतले मिस्त्री सुरू झाले. एक म्हणाला बॅटरीमुळे, एक म्हणाला आपल्या रस्त्यामुळे, एकानं सरळ दिव्यावर काळी पट्टी चिकटवायला सांगितलं. पट्टीचा सल्ला निंबाला पसंत होता. पण पट्टी चालणार नव्हती, कारण बा.

बा म्हणजे शेठची आई. पंचाहत्तरीच्या पुढची, पांढरी साडी, हातात माळ, ऐकू कमी, दिसायचं मात्र सगळं. तिचे यजमान टायर फुटून गेले होते, भरूचच्या पुढं, पुष्कळ वर्षांपूर्वी. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी ती चाकाकडे बघायची आणि हात जोडायची. या गाडीत टायरचा दिवा आहे हे तिला कळलं तेव्हा तिला एवढं बरं वाटलं होतं की तिनं जर्मनीत बसलेल्या कुण्या अनोळखी माणसाला तोंडभरून आशीर्वाद दिले होते. तिनं लाल दिवा पाहिला आणि पाय मागं घेतला.

“निंबा, बत्ती लाल छे. हूं नथी बेसती.”

शेठनं समजावलं, सून हंसाबेननं समजावलं. म्हातारी पायरीवर बसून राहिली. आता इथं निंबाच्या पोटातलं पाप हललं. दिवा आपल्यामुळे लाल, आणि म्हातारी उन्हात. त्यानं डिकीतून काठी काढली. ट्रकवर असताना प्रत्येक थांब्यावर टायर ठोकून बघायची त्याला सवय. हवा भरलेला टायर टणटणीत बोलतो, उतरलेला थप्प करतो. त्यानं बासमोर एकेक चाक ठोकलं, कान लावला, आणि म्हणाला, बा, चारही बोलतात, बसा. बा उठली, आणि बसली.

त्या एका ठोकण्यानं निंबा जन्माचा अडकला. बाला दिवा नको, काटा नको, मिस्त्री नको. निंबा ठोकेल तर बसेन. हवेलीला, म्हणजे कृष्णाच्या देवळात जायचं, निंबा. दाताच्या डॉक्टरकडे, निंबा. रविवारी सुनेच्या माहेरी नवसारीला, निंबा. शेठकडे गोपाल नावाचा दुसरा ड्रायव्हर होता, चुणचुणीत, बासाठी दार उघडून कमरेत वाकायचा. त्यानंही काठीनं ठोकून पाहिलं. बा म्हणाली, तू नुसता वाजवतोस, ऐकत नाहीस. गोपाल निंबावर जळायला लागला आणि त्यानंच ती पुडी सोडली, की निंबा नोकरी पक्की करायला मुद्दाम दिवा जळता ठेवतो. आमच्या ओट्यावर ती पुडी मीही दोन-चार जणांना वाटली असेल. चवदार होती.

प्रत्यक्षात निंबाचे रविवार गेले, सणवार गेले. देवळाबाहेर उतरून ठोक, परत निघताना ठोक, वाटेत बाला शंका आली की गाडी कडेला घेऊन ठोक. उन्हात वाकून वाकून त्याची कंबर गेली. रात्री शकुंतला तेल लावायची आणि तोंडानं फोडणी द्यायची. तिला खरी गोष्ट ठाऊक होती, आणि ज्या बायकोला नवऱ्याचं गुपित ठाऊक असतं तिला भांडायला दुसरा विषय लागत नाही. त्या वर्षी गावच्या कानबाईला निंबा गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कानबाई म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती घराघरात बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ, त्याला डोळे, नथ, लुगडं. रविवारी मांडायची, सोमवारी वाजतगाजत नदीला न्यायची. दिवाळीला कुणी आलं नाही तर चालतं. कानबाईला घरचा माणूस कुठं का असेना, येतो. श्रावणात तापी लाइनच्या गाड्या बघाव्यात, दारात लोंबकळून अख्खा पांडेसरा गावाकडे निघालेला असतो. तेव्हा निंबा नव्हता तर गावात बोलणं झालंच, की आता तो मोठ्या गाडीवाला झाला.

यंदाच्या श्रावणाआधी निरोप आला. निंबाचा थोरला भाऊ धुडकू, घरची कानबाई तोच मांडायचा. त्याला उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्याला मुलीच, त्याही दिल्या घरी. मांडायला घरचा पुरुष हवा, आणि तो आता एकच उरला. वहिनीनं गावातल्या एका माणसाबरोबर तोंडी सांगून धाडलं होतं, आणि त्या माणसानं आमच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमक्ष सांगितलं.

“वहिनीनं सांगेल शे, तू ये. नही ते औंदा कानबाई बसाव नही.”

 कानबाई एकदा बसायची राहिली की त्या घरात पुन्हा बसत नाही, असं आमच्याकडे धरतात. खरं की खोटं ते मला विचारू नका. कुणी करून पाहिलेलं नाही. निंबानं सुस्कारासुद्धा टाकला नाही. त्यावरूनच मी ओळखलं की प्रकरण खोल आहे.

सोमवारी त्यानं गाडीत रजा मागितली. पण वेळ चुकली, मागं हंसाबेन होत्या. शेठ काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, या रविवारी तर नवसारीला जायचंय, त्यांच्या वडिलांचा पंचाहत्तरीचा समारंभ, बासुद्धा येणार, आणि निंबा नसेल तर बा बसेल का. शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाला, हो निंबा, नवसारी छे. झालं. आठवडाभर निंबा खालच्या खोलीत नुसता बसायचा. शुक्रवारी संध्याकाळी शकुंतलेचा आवाज मला वर स्पष्ट ऐकू आला. मी कान देऊन ऐकत नव्हतो, पण खिडकी उघडी होती.

“तुमना शेठ काय देव शे का? त्या बत्तीना पायी देवीले उपाशी ठेवशात?”

 त्यावर निंबा म्हणाला, उद्या शेठला खरं सांगून टाकतो. तो आपण होऊन काढेल. काढलं की सुटलो, रात्रीची गाडी पकडू.

हा त्याचा सगळा बेत. रजा मिळत नाही ना, मग नोकरीच जाऊ द्यायची. दमलेल्या माणसाचा बेत असाच असतो, दार उघडत नसेल तर भिंतच पाडायची.

शनिवारी दुपारी शेठ एकटाच होता. मिलमधून घोडदौड रोडच्या घरी निघाले होते. पांडेसऱ्याचा तो रंगाच्या पाण्याचा वास मागं पडला, तेव्हा निंबानं गाडी एका कडुनिंबाखाली घेतली आणि बंद केली. शेठला वाटलं, ठोकायला उतरतोय. निंबा उतरला नाही. समोर बघत बोलायला लागला. पुढचं मला निंबानंच सांगितलं, तेव्हा शब्दांची हमी त्याची, मीठमसाला माझा.

“शेठ, ते यंत्र बिघडलेलं नाही. ते चाकात नाहीच. मी आणि कामरेजच्या भटूनं काढून टाकलं.”

 निंबानं भरूचचे पाहुणे, खिळा, गाठोडं, जिपेची ट्यूब सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, मला काढा, पण आज काढा.

शेठनं चष्मा काढून रुमालानं पुसला.

“मने खबर छे,” तो म्हणाला. त्याला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर मुंबईहून गाडीच्या कंपनीचा माणूस मिलवर येऊन गेला होता. निंबा तेव्हा जेवायला घरी गेला होता. त्या माणसानं चारही चाकं तपासली आणि म्हणाला, तीन चाकं बोलतात, चौथं मुकं आहे, आत काही नाहीच. नवं बसवून देऊ का. शेठनं त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

निंबानं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. का, हे विचारायचा त्याला धीर नव्हता, पण शेठलाही कुणाला तरी सांगायचंच असावं. एवढ्या मोठ्या मिलच्या मालकाला मनातलं बोलायला माणूस मिळेना, आणि ड्रायव्हर तर आयता बसलेला.

गोष्ट नवसारीची होती. हंसाबेनचं माहेर. सासरा दर भेटीत जावयाला समोर बसवून मिल कशी चालवावी ते शिकवायचा, स्वतःची मिल बुडवून बसलेला असूनही. जेवणाआधी शिकवायचा, जेवणानंतर शिकवायचा, आणि निघताना दाराशी धरून राहिलेलं शिकवायचा. शेठला बायकोपुढं नाही म्हणता येत नव्हतं, सासऱ्यापुढं तर मुळीच नाही. दिवा लाल झाला आणि त्याला पहिल्यांदा तोंड फुटलं: बत्ती लाल आहे, बा बसत नाही, बाला सोडून कसं यायचं. देवानंच दिवा लावला, असं त्याला वाटलं होतं.

“पण तू,” शेठ म्हणाला, आणि त्याचा आवाज निंबाइतकाच थकलेला होता, “मी म्हणतो जाता येणार नाही, की तू काठी घेऊन उतरतोस. ठोकतोस. आणि बाला सांगतोस, बसा.”

निंबा स्टिअरिंगला धरून बसून राहिला. वर्षभर तो वाकत होता, कंबर मोडत होता, पापाचं ओझं उतरावं म्हणून चाक आणि चाक वाजवत होता, आणि मागं बसलेला माणूस प्रत्येक ठोक्याला मनात त्याला शिव्या घालत होता. दोघांनाही तेच हवं होतं आणि दोघंही एकमेकांना घाबरून दर रविवारी नवसारीच्या रस्त्यावर.

“आणि बा?” निंबा म्हणाला. “तिला दर वेळी भीती वाटते, शेठ.”

 शेठ काचेवर पडणारी कडुनिंबाची पानं बघत राहिला. आई ती आई, पण सासरा तो सासरा. मी न्याय करत नाही, मी फक्त सांगतो.

मग शेठच्याच डोक्यात उजेड पडला. निंबा नसला तर ठोकणारा नाही. ठोकणारा नाही तर बा बसणार नाही. बा नाही तर कुणीच नाही. तो पुढं वाकला आणि निंबाच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यानं पूर्वी कधी ठेवला नव्हता.

“तारे गाम जवुं छे ने? आजे ज जा. मंगळवारी ये. आणि हे आपल्या दोघांत.”

असा निंबा सुटला. नोकरी गेली असती तर निदान तो रडून मोकळा झाला असता. ही रजा अशी मिळाली की तिचा आनंदही करता येईना. घरी येऊन त्यानं शकुंतलेला पिशवी भरायला सांगितली आणि भिंतीला टेकून बसला. मी खाली डोकावलो तर म्हणाला, “आबा, वर्षापूर्वी एकदा तोंड उघडलं असतं तर.” पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं. काही माणसं पूर्ण वाक्यालासुद्धा दमतात.

गाडीत बसायला जागा नव्हतीच. उधन्यापासून नंदुरबारपर्यंत तो उभा, मग दोंडाईच्यापर्यंत कुणाच्या तरी गाठोड्यावर. सकाळी घरी पोचला, अंघोळ केली, आणि धुडकूची खाट ओसरीत आणून ठेवली. धुडकूला बोलता येत नव्हतं. तो डाव्या हातानं दाखवायचा, चौरंग इकडे, कलश तिकडे, आणि निंबा मांडायचा. एकदा नथ उलटी लावली तर आजारी भावानं खाटेवरून अशी नजर टाकली की निंबाला लहानपणचा मार आठवला. कानबाई बसली. वहिनी पदर डोळ्यांना लावून उभी होती. बायकांनी गाणी धरली, आणि आमचा निंबा देवीसमोर हात जोडून बसल्या बसल्या झोपला. कुणी उठवला नाही. शकुंतलेनं मागून हळूच उशी सरकवली, आणि मला सांगताना म्हणाली, वर्षात पहिल्यांदा सुस्कारा न टाकता झोपले.

सोमवारी विसर्जन झालं. इकडे रविवारी नवसारीला कुणीच गेलं नाही. मंगळवारी निंबा परत, गाडी पुसून शेठच्या दारात. दिवा लाल, बा हात जोडून उभी, काठी हातात. सगळं पूर्वीसारखं. फरक एवढाच की निंबाच्या सीटखाली एक फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती.

कानबाईला रोट करतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घ्यायचे, दळायचे, आणि त्याचे जाड रोट भाजायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लेक दिली की तिलासुद्धा नाही, मित्राला नाही, पाहुण्याला नाही. उरवायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. धुडकूला चावता येत नव्हतं. त्याच्या वाटणीचे रोटही निंबावर आले. वहिनीनं ते बांधून दिले आणि सांगितलं, कुठं का असेना, तूच खा.

तेव्हा निंबा दुपारी मिलच्या आवारात, गाडीच्या सावलीत बसून रोट खायचा. तीन-चार दिवसांचे वाळून दगड झालेले, पाण्याबरोबर, गुळाबरोबर, सावकाश. गोपालनं पहिल्याच दिवशी तुकडा मागितला. निंबानं मान हलवली. गोपाल म्हणाला, दोन रोट्यांसाठी एवढा भाव खातोस. निंबा चावत राहिला.

गुरुवारी शेठ जेवण करून खाली आला. मिलच्या कँटीनची भाजी त्याला आवडायची नाही, आणि खाण्याच्या बाबतीत सुरती माणूस कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू. त्यानं निंबाच्या मांडीवरचं फडकं पाहिलं, वास घेतला, आणि खांद्यावर हात ठेवल्यापासून जी नवी सलगी आली होती तिच्या बळावर हात पुढं केला. गुळासारखं काय रे हे, थोडं दे.

निंबानं कामाला लागल्यापासून शेठला नाही म्हटलेलं नव्हतं. बासाठी ठोक, ठोकलं. नवसारी, नवसारी. रविवार, रविवार. गोपाल तिकडून टक लावून बघत होता. निंबा उठलासुद्धा नाही. त्यानं फडक्याची कड जवळ ओढली.

“नाही शेठ. हे भावाचं आहे. भाऊकीतच खातात.”

शेठचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो मागं घेतला आणि खिशात घातला. गाडीचं दार उघडायला कुणी आलं नाही, त्यानं स्वतःही उघडलं नाही. ऊन डोक्यावर होतं. तो गाडीच्या पत्र्याला टेकून निंबाशेजारच्या सावलीत उभा राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, अजून किती दिवस चालणार.

“पुनवेपर्यंत,” निंबा म्हणाला, आणि पुढचा तुकडा मोडला.